गिरगावच्या वाड्यांतल्या बातम्या आणि पाडव्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंतचे कार्यक्रम

ठाकूरद्वारकर (धागा सुरू करणारा)

आमच्या वाडीच्या तोंडाशी एक काळा फळा असे. पाणी किती वाजता येणार, कोणाकडे वाईट झाले, मंडळाची सभा कधी, वर्गणीचा हिशेब कोणाच्या खोलीत पाहायला मिळेल, हे सारे त्यावर खडूने लिहिलेले असे आणि कामाला निघालेला माणूस ते वाचूनच रस्त्याला लागत असे. गेल्या दिवाळीनंतर आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली, बिऱ्हाडे विरार, डोंबिवली, बदलापूर अशी पांगली आणि फळा कोणाच्या सामानात गेला हे आजतागायत कळलेले नाही. गिरगावातल्या पुष्कळ वाड्यांची आज थोड्याफार फरकाने हीच स्थिती असल्यामुळे बातम्या आणि येऊ घातलेले कार्यक्रम येथे एकत्र नोंदवावेत असे वाटले. ऑपेरा हाउसपासून चिरा बाजारापर्यंत आणि चौपाटीपासून सी. पी. टँकपर्यंतचा भाग मी गिरगाव धरला आहे. हद्दीवरून वाद घालणे हा गिरगावकराचा जन्मसिद्ध हक्क असला, तरी तो कृपया वेगळ्या धाग्यावर बजावावा.

आधी बातम्या. ९ ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ चा आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आरेपासून कफ परेडपर्यंतची ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका पूर्ण झाली, हे सर्वांना ठाऊक आहेच. तरीही बाहेर राहायला गेलेल्या मंडळींसाठी सांगतो की पाडव्याला प्रथमच आपल्याला गिरगाव आणि काळबादेवी अशी दोन मेट्रो स्थानके हाताशी असणार आहेत. या स्थानकांसाठी ज्या इमारती पाडल्या गेल्या, त्यांतली माणसे मेट्रोने येऊन आपल्याच जुन्या घराच्या जागेवर जिना चढून वर येतील, ही गोष्ट मला अजून नीट पचलेली नाही. दुसरी बातमी नावाची. चर्नी रोड स्थानकाला गिरगाव हे नाव द्यावे, असा ठराव राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये आणि विधिमंडळाने त्याच वर्षी जुलैत केला होता. त्याच यादीत मरीन लाइन्ससाठी मुंबादेवी आणि सँडहर्स्ट रोडसाठी डोंगरी ही नावे होती. नाव बदलले म्हणजे मेट्रोचे गिरगाव आणि रेल्वेचे गिरगाव अशी दोन गिरगावे होतील आणि पाहुण्यांची तारांबळ उडेल, एवढे मात्र मी आजच सांगून ठेवतो.

आता कार्यक्रम. गुढीपाडवा गुरुवारी, १९ मार्चला आहे. शोभायात्रेची सुरुवात नेहमीप्रमाणे फडके गणपती मंदिरापासून होते आणि ज्यांना लेझीम किंवा ढोल पथके नीट पाहायची आहेत, त्यांनी सकाळी लवकर पोहोचावे, कारण दहानंतर रस्त्याच्या कडेला उभे राहायलाही जागा उरत नाही. पुढच्या गुरुवारी, २६ मार्चला रामनवमी आहे. झावबावाडीच्या राममंदिरात दुपारच्या जन्मकाळाला जाणारी जुनी माणसे अजून आहेत, त्यांना न्यायला कोणी तरुण हाताशी असेल तर बरे. त्याच्याही पुढच्या गुरुवारी, २ एप्रिलला हनुमान जयंती. म्हणजे तीन गुरुवार ओळीने सणाचे आहेत आणि बाहेरून येणाऱ्यांनी कोणता गुरुवार निवडायचा हे आत्ताच ठरवावे.

शेवटी, ज्यासाठी मी खरे तर हा धागा काढला, तो प्रश्न. इमारत गेली, पण आमच्या मंडळाचा गणपती गेलेला नाही. तळमजल्याच्या ज्या पडवीत तो बसत असे, तेथे आज पत्रे ठोकलेले आहेत. नवी इमारत उभी राहीपर्यंतची किमान तीन-चार वर्षे मूर्ती कोठे बसवायची, की खंड पडू द्यायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

विरारवासी

आपल्याच वाडीचा आहे, ओळखले असेलच. फळा माझ्याकडे नाही, हे आधी सांगतो, कारण संशय माझ्यावर आहे असे कानावर आले आहे.

खंड पडू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विकासक दरमहा भाडे देतो, त्यात विरारला दोन खोल्या मिळाल्या, पाणी चोवीस तास आहे, लिफ्ट आहे. तक्रारीला जागा नाही. पण आमच्या नव्या सोसायटीत शेजारच्या दारावरची पाटी वाचून माणूस ओळखावा लागतो. वर्षातून ज्या दहा-अकरा दिवसांत साऱ्या वाडीची माणसे एकमेकांना दिसतात, तेही बुडाले तर इमारत तयार झाल्यावर किल्ल्या घ्यायला आपण सगळे येऊ आणि एकमेकांना नमस्कार करून विचारू की आपण कितव्या मजल्यावरचे. मूर्ती विरारला आणावी असेही दोघांनी सुचवले होते. ते मला पटले नाही. गणपती आपल्याकडे आणण्यापेक्षा आपण गणपतीकडे जावे.

डोंबिवलीची लेक

माहेर कांदेवाडीचे, सासर डोंबिवलीचे. डोंबिवलीकडून येणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना करते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून तेथूनच मेट्रो पकडली, तर पहिले स्थानक काळबादेवी आणि दुसरे गिरगाव. पूर्वी टर्मिनसहून बस किंवा टॅक्सी केली की काळबादेवीच्या गर्दीत जीव मेटाकुटीला यायचा आणि नऊवारी नेसून ते करणे म्हणजे परीक्षाच असे. आता मूल कडेवर घेऊनही येता येईल. आणखी एक सांगते, रागावू नका. नववर्ष स्वागतयात्रेचा पायंडा डोंबिवलीने १९९९ मध्ये पाडला आणि गिरगावने तो नंतर उचलला. माहेरचे कौतुक मला आहेच, पण सासरचे श्रेय सासरला द्यावे.

ठाकूरद्वारकर

श्रेय दिले. ढोल मात्र आमचेच मोठे.

खोताची वाडी, मागची गल्ली

शोभायात्रेच्या दिवशी खोताच्या वाडीत शिरणाऱ्यांसाठी येथील रहिवाशांच्या वतीने चार शब्द लिहिते. पाडव्याला नटूनथटून आलेली मंडळी आमच्या लाकडी सज्जांसमोर आणि बाहेरच्या जिन्यांवर छायाचित्रे काढायला येतात, त्यात वाईट काहीच नाही. परंतु ते जिने कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाणारे असतात आणि खिडकीत बसलेली आजी देखाव्याचा भाग नसते. मागच्या वर्षी एका जोडप्याने आमच्या ओट्यावर कपड्यांची बॅग उघडून वेशभूषा बदलण्याचा बेत केला होता. कृपया विचारून ओट्यावर बसा. बहुतेक घरांतून पाणीही मिळेल.

बातमी म्हणाल तर येथील बातमी एकच असते आणि ती दर काही वर्षांनी नव्याने येते. पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाडीत त्यांनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना जागा दिल्या आणि त्यांतून ही वस्ती उभी राहिली. एके काळी येथे सुमारे पासष्ट घरे होती, आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. उरलेल्यांपैकी एखाद्याची कौले उतरवली जाताना दिसली की सारी गल्ली विचारते, दुरुस्ती की पाडकाम? या महिन्यात उतरली ती दुरुस्तीसाठीच, हे चौकशी करून लिहिते आहे.

आपल्या गणपतीच्या प्रश्नावर मी परधर्मीय म्हणून बोलावे की नाही हा विचार केला आणि मग आठवले की आमच्याकडे नाताळला जो तारा टांगला जातो, त्याची तार दरवर्षी तुमच्या मंडळाचा वायरमन ओढतो. जागेची विचारणा मी आमच्या गल्लीतही करून पाहते.

जुने कागद

गिरगावच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये खाडिलकर मार्गावरच्या केशवजी नाईक चाळींत सुरू झाला आणि लोकमान्य टिळक तेथे १९०१ मध्ये येऊन गेले, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. पण तेथे जाऊन मूर्ती पाहिलेले किती आहेत? ती मूर्ती लहान असते, आजही लहानच असते, आणि विसर्जनाला पालखीतून भजनाच्या साथीने निघते. त्यामुळे त्या उत्सवाला जागा कधी पुरली नाही असे होण्याचा संभवच कमी. याच्या उलट टोकाला निकदवरी लेनमधला गिरगावचा राजा आहे. शाडूच्या मातीची एवढी उंच मूर्ती घडवणे हे कारागिरीचे मोठेच काम आहे आणि त्याचे मोल मी कमी करीत नाही. तथापि ज्या मंडळाचे छप्परच गेले आहे, त्याने या दोहोंपैकी कोणाचा कित्ता गिरवावा, हे सांगायला नको.

दुसरे असे की गिरगावातले सार्वजनिक जीवन सभागृहांत जेवढे घडले, तितकेच चाळींच्या मोकळ्या जागांत घडले. शांताराम चाळीच्या पटांगणात राजकीय सभा होत. १९१३ च्या ३ मे रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला तो येथल्याच कोरोनेशन चित्रपटगृहात, आणि १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला तो मॅजेस्टिकमध्ये. ही दोन्ही चित्रपटगृहे आज नाहीत. १९३५ मध्ये स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ केळेवाडीत आपले नाट्यगृह घेऊन उभा आहे आणि १९११ मध्ये सुरू झालेले रॉयल ऑपेरा हाउस तेवीस वर्षे बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडले. म्हणजे बंद पडलेले दार पुन्हा उघडल्याचा दाखला आपल्याच वेशीवर आहे. मात्र तेवीस वर्षे ते दार कोणीतरी आपले मानले होते, म्हणून ते उघडले.

जाता जाता, चर्नी रोडबद्दल. सरकारने गुरे चारण्यावर कर बसवला, तेव्हा सर जमशेटजी जिजीभॉय यांनी ठाकूरद्वारजवळची कुरणे विकत घेऊन लोकांच्या गुरांना मोफत चरायला दिली आणि त्या चरणीवरून चर्नी आले, असे सांगतात. नाव बदलायला माझा विरोध नाही, परंतु स्थानकात एखाद्या कोपऱ्यात ही हकीकत लिहिलेली असावी.

पंचांगवाले

एक महत्त्वाची नोंद कोणीच केलेली नाही. या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून असा अधिक मास असल्यामुळे त्यापुढचे सगळे सण लांबले आहेत. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला आले, या वर्षी सोमवारी, १४ सप्टेंबरला येतील. गोपाळकाला शनिवारी, ५ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी, २५ सप्टेंबरला. जागा शोधायला आपल्या मंडळाला अडीच आठवडे जास्तीचे मिळाले आहेत, ते दवडू नका. अधिक महिन्यात जावयांना बोलावण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी अनारशांचे पीठ वेळेवर करावे. गिरगावातला जावई आता घोडबंदरहून येतो आणि भुकेला येतो.

एकोणिसावा मजला

मी येथे नवा आहे. अडीच वर्षांपूर्वी मुगभाट भागातल्या एका नव्या टॉवरमध्ये राहायला आलो. मनात बरेच दिवस आहे ते स्पष्ट लिहितो. मार्च उजाडला की रात्री ढोलांचा सराव सुरू होतो आणि आमच्याकडे सहा महिन्यांचे बाळ आहे. सणाला माझा विरोध नाही, पण सरावाची वेळ तरी ठरलेली असावी. दुसरे म्हणजे, आमच्या टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावर मोठे सभागृह आहे आणि ते वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असते. खालच्या जुन्या रहिवाशांचे आणि वरच्या मजल्यांवर घरे विकत घेतलेल्यांचे दरवाजे वेगळे, लिफ्ट वेगळ्या. त्यामुळे त्या सभागृहाचा प्रश्न कोणी कोणाला विचारतच नाही. मी विचारू शकतो, पण मला मंडळातले कोणी ओळखत नाही.

पथकातली ताशेवाली

सरावाबद्दलची तक्रार योग्य आहे, आणि आमच्यातल्या काहींना ती आवडणार नाही तरी मी ती मान्य करते. आम्ही नोकरीवरून येतो, हात-पाय धुऊन वाद्य घेईपर्यंत साडेआठ वाजतात, म्हणून उशीर होतो. या आठवड्यापासून साडेनऊला शेवटचा ठोका, असे पथकात ठरवून घेते. आपले बाळ पुढच्या पाडव्याला चालायला लागलेले असेल, त्याला टिपरी आम्ही देऊ.

सभागृह विचाराच. ओळख लागत असेल तर शोभायात्रेला खाली या, पाणी वाटायला आम्हांला माणसे कमी पडतात आणि पाणी वाटणाऱ्याला सगळे ओळखतात.

मंडपाचे कागद

मी वीस-बावीस वर्षे एका मंडळाचा चिटणीस होतो, म्हणून परवानग्यांचे लिहितो. उत्साहाच्या भरात हे राहून जाते आणि ऑगस्टमध्ये धावपळ होते.

मूर्ती रस्त्यावर किंवा पदपथावर बसवायची असेल तर महापालिकेची परवानगी, स्थानिक पोलीस ठाणे आणि वाहतूक पोलीस यांची हरकत नसल्याची पत्रे, हे सारे लागते. खासगी जागेत बसवायची असेल तर जागामालकाची किंवा सोसायटीची लेखी संमती आधी हातात घ्यावी, तोंडी होकारावर विसंबू नये. नियम पाळणाऱ्या मंडळांना पाच वर्षांची परवानगी एकदम देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला होता, परंतु जागा बदलली की कागद नव्याने करावे लागतील असे धरूनच चाला. रिकाम्या केलेल्या इमारतीच्या पत्र्यांआड ‘एवढे अकरा दिवस’ म्हणून मूर्ती बसवण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. आमच्या शेजारच्या एका वाडीत विकासकाने असा होकार दिला, आणि ऐन चतुर्थीच्या आठवड्यात त्याचा माणूस म्हणाला की साहेब परदेशी आहेत. त्या मंडळाला एका जिन्याखाली मूर्ती बसवावी लागली होती.

मूर्तीच्या उंचीचेही पाहा. गेल्या वर्षी जुलैत उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांत करणे बंधनकारक झाले. तो आदेश मार्च २०२६ पर्यंतचा होता, त्यामुळे पुढे काय ठरते याकडे लक्ष ठेवावे. शाडूची लहान मूर्ती घेतली तर पुष्कळ प्रश्न उद्भवतच नाहीत.

याच निमित्ताने, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींत अजून राहणाऱ्यांना एक आठवण. म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ दर पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. सर्वेक्षणाला माणूस आला तर त्याला दार उघडा, तडे लपवू नका. आपली इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची असेल तर ती ‘अ’ वर्गात येते, आणि गिरगावातल्या जुन्या चाळी बहुतेक त्यातच आहेत. पुनर्विकासाला ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी भाडे कोणत्या तारखेला मिळणार, ते थकले तर काय, आणि उत्सवासाठी सामाईक जागा नव्या नकाशात कोठे दाखवली आहे, हे तीन प्रश्न विचारा. तिसरा प्रश्न कोणीच विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

विरारवासी

तिसरा प्रश्न आम्हीही विचारला नव्हता. नकाशा आत्ता काढून पाहिला. वाहनतळ तीन मजली आहे. व्यायामशाळा आहे. पडवी नाही.

खोताची वाडी, मागची गल्ली

गल्लीत विचारले. कोपऱ्यावरच्या घराची पुढची खोली रिकामी आहे. पूर्वी तेथे शिंपी बसायचा, तो गेल्यापासून बंद असते. घरमालकीण वयस्क आहेत, मुले परदेशी असतात. त्यांच्या अटी त्यांनी मला जशा सांगितल्या तशा लिहिते. मोठे कर्णे लावायचे नाहीत, रात्री दहानंतर आरती नाही, खोलीला रंग तुम्ही लावायचा, आणि रोजचा मोदक त्यांना वर नेऊन द्यायचा. लेखी संमती देतील. मात्र खोली लहान आहे आणि दार अरुंद.

एकोणिसावा मजला

सभागृहाचे आमच्या सोसायटीच्या समितीत काल विचारले. या वर्षी नाही म्हणाले, सर्वसाधारण सभेत ठेवू म्हणाले. मला वाटते मूर्ती कोपऱ्यावरच्या खोलीतच बसावी. सभागृह मिळाले तर मुलांच्या चित्रकला स्पर्धेसाठी घेता येईल, ती तुम्ही दरवर्षी घेत होतात असे येथे कोणीतरी मला सांगितले. रंग लावायला मी येतो.

ठाकूरद्वारकर

सर्वांचे आभार मानत बसलो तर पाडवा उजाडेल. आज सकाळी मंडळाच्या सात जणांशी दूरध्वनीवर बोलणे झाले, पाच जणांनी कोपऱ्यावरच्या खोलीला होकार दिला. उरलेल्या दोघांना मूर्ती गेल्या वर्षीएवढीच, साडेपाच फुटांची हवी आहे. त्यांची समजूत मी घालतो, आणि ‘जुने कागद’ यांनी केशवजी नाईक चाळींबद्दल लिहिलेला परिच्छेद त्यांना वाचून दाखवतो.

पाडव्याला शोभायात्रा पुढे सरकली की आम्ही ठाकूरद्वार नाक्यावर थांबू. वाडीतल्या ज्यांना यायचे आहे त्यांनी तेथे भेटावे, तेथूनच खोली पाहायला जाऊ आणि मालकीणबाईंच्या पाया पडून येऊ. मूर्तिकाराकडे पाट त्याच दिवशी द्यायचा आहे, म्हणून मापे आधी हवीत. आमचा जुना पाट माझ्याकडे आहे, तो तीन फूट रुंद आहे. दाराचे माप कोणी घेऊन सांगेल काय?

खोताची वाडी, मागची गल्ली

घेतले. दार सव्वादोन फूट. पाट नवा करावा लागेल. उंबरठाही उंच आहे, मूर्ती आत नेताना चार माणसे लागतील.